उत्तर घानात मातीच्या बांधकामासाठी स्वयंसेवक म्हणून जायचंय. नेमकं कुठलं काम उपयोगाचं?

सागरगोटा

घानाच्या अपर ईस्ट भागात, नवरोंगो-पागा-सिरिगु या पट्ट्यात, मातीच्या बांधकामाचं पारंपरिक कौशल्य टिकवण्यासाठी धडपडणाऱ्या एका स्थानिक गटाबरोबर जानेवारी ते मार्च काम करायचं ठरतं आहे. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं, सवय आरसीसीच्या साइटची. मातीबद्दल वाचलं भरपूर आहे, हात फारसा लागलेला नाही.

गटाने कळवलेली कामं अशी: आतून ४ बाय ३ मीटरची एक शिकवणीची खोली नव्याने बांधायची, जुन्या दोन खोल्यांच्या भिंती पायथ्याशी खाल्ल्या गेल्या आहेत त्या दुरुस्त करून बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा, आणि गावातल्या तरुणांसाठी दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायचं.

तीन महिन्यांत हे सगळं बसेल का? माती, पाणी, विटा किती लागतील? सिमेंटच्या गिलाव्याबद्दल मनात शंका आहे, पण मागणी तिथूनच आली आहे. आणि शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: बाहेरचा माणूस फुकट राबायला गेला की तिथल्या गवंड्याच्या पोटावर पाय येतो का?

पाणसळ

आधी हिशेब, म्हणजे तीन महिन्यांत काय मावतं ते आपोआप दिसेल.

आतून ४ × ३ मीटर, भिंत ४० सेंमी जाड, उंची २.५ मीटर धरा. भिंतीच्या मध्यरेषेची लांबी १५.६ मीटर. गुणाकार केला तर सुमारे १५.६ घनमीटर, दार-खिडक्या वजा जाता १४. तयार भिंतीचं वजन घनमीटरला साधारण पावणेदोन टन, म्हणजे जवळपास २५ टन माती. खणून ढीग लावलेली माती फुगते, त्यामुळे मोकळी माती २० घनमीटर तरी लागेल.

४० × २० × १५ सेंमीची कच्ची वीट घेतली आणि सांधे २ सेंमीचे ठेवले तर घनमीटरला ६४ विटा बसतात. एकूण ९००, तुटफूट धरून १,००० पाडा. एक वीट २१ किलोच्या आसपास भरते. दिवसभर अशा विटा उचलणं हे अंगमेहनतीचं काम आहे, पहिल्याच दिवशी जोर दाखवू नका.

पाणी मातीच्या वजनाच्या २० ते २५ टक्के, म्हणजे पाच-सहा हजार लिटर. खरी अडचण इथे आहे. त्या भागात पावसाळा एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. मार्चपर्यंत विहिरी खोल जातात आणि बोअरवेलच्या हातपंपावर बायकांची रांग लागलेली असते. त्या रांगेत बांधकामाची पिंपं घुसवायची नाहीत. पाणी कुठून, कोण वाहणार आणि त्याची मजुरी कोण देणार, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

आता वेळ. चार जणांची टोळी दिवसाला २०० ते २५० विटा पाडते, म्हणजे पाडणं एका आठवड्याचं. पण वीट आतपर्यंत वाळायला तीन आठवडे द्यावे लागतात. पहिले दोन-तीन दिवस आडवी, मग उभी करून मध्ये बोटभर फट ठेवून रचायची. डिसेंबर-जानेवारीत हरमॅटनचा कोरडा वारा सुटतो. त्यात विटेची पाठ तासाभरात वाळते, पोट ओलं राहतं आणि भेगा पडतात. पहिले दोन दिवस वरून गवत पसरा.

म्हणून माझं मत: विटा गटाने डिसेंबरातच पाडून ठेवाव्यात. सुगी संपलेली असते, माणसं मोकळी असतात, पाणीही असतं. तसं झालं तर जानेवारीत जोतं, फेब्रुवारीत भिंती, मार्चमध्ये छत बसतं. तुम्ही पोहोचल्यावर विटा पाडायला सुरुवात झाली तर छत पावसाच्या तोंडावर जाईल आणि उघड्या भिंतींवर पहिली वावटळ येईल. अशा वेळी नवी खोली सोडून द्या आणि दुरुस्ती व प्रशिक्षण एवढंच घ्या. दोन जुन्या खोल्या वाचवल्या तर शिकणाऱ्याला एका नव्या खोलीपेक्षा जास्त कळतं, कारण भिंत का पडते ते तिथे डोळ्यांसमोर असतं.

तांबडी_माती

सिमेंटच्या गिलाव्याला नकार द्या. मात्र ती मागणी का आली ते समजून घेऊन द्या. मातीचा गिलावा दर एक-दोन वर्षांनी करावा लागतो, पूर्वी घरात माणसं होती, आता तरुण दक्षिणेकडे कुमासी-अक्राला कामाला जातात. सिमेंट म्हणजे ‘एकदाच खर्च’ अशी आशा आहे.

ती फसते कशी, ते बघा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, तशी किंचित फुगते आणि आकसते. सिमेंटचं कवच ताठ, ते तिच्याबरोबर हलत नाही. मग केसासारख्या भेगा पडतात आणि पावसाचं पाणी आत जातं. बाहेर यायला मात्र त्याला वाट नसते. कवचाच्या मागची माती मऊ होत जाते, वाळवीला ओलावा आणि अंधार दोन्ही मिळतात. वरून भिंत ठणठणीत दिसते आणि एका पावसात गिलाव्याचा पत्राच्या पत्रा दोन-तीन सेंमी भिंत घेऊन खाली येतो. घानातलंच उदाहरण आहे: लाराबांगाची जुनी मशीद. १९७०च्या दशकात तिला सिमेंटचा लेप दिला, आत ओल कोंडली, वाळवी लागली आणि २००२मध्ये वादळात मिनार आणि कठड्याचा भाग कोसळला. नंतर सिमेंट काढून पुन्हा मातीत काम करावं लागलं. गटाच्या बैठकीत हे उदाहरण सांगा. परदेशातल्या पुस्तकापेक्षा आपल्याच देशातल्या मशिदीचं पटतं.

आता पायथ्याची दुरुस्ती. आधी कारण शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. चार संशयित असतात: धाब्याची (मातीच्या सपाट छताची) पन्हळ आखूड आहे आणि पाणी भिंतीवरच पडतं, अंगणाची पातळी वर्षानुवर्षं चढत जोत्यापर्यंत आली आहे, न्हाणीचं सांडपाणी भिंतीला लागून वाहतं, किंवा जमिनीवर पडलेल्या थेंबांचे शिंतोडे उडतात. पायथ्यावर पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर ते क्षार. ओल वर चढते, वाळते, क्षार मागे राहतात आणि पृष्ठभाग भुगा होऊन गळतो.

कृती अशी. खाल्लेला भाग एकदम सगळा कोरायचा नाही. मीटरभर कोरा, पुढचा मीटर सोडा, पलीकडचा कोरा. भरलेला भाग घट्ट झाला की मधला घ्या. वरच्या तुळयांना तोवर टेकू. सुटी माती घट्ट थर लागेपर्यंत खरवडून काढा, तळ सपाट करा, बाहेरच्या बाजूला उतार राहू देऊ नका. कडेवर हलकं पाणी शिंपडा. भरताना ओल्या चिखलाचे गोळे कोंबू नका. चिखल आकसला की वरच्या बाजूला बोटभर फट राहते आणि वरची भिंत अधांतरी लटकते. वाळलेल्या विटा पातळ सांध्यात रचा, वरचा शेवटचा सांधा चार-पाच दिवस रिकामा सोडा आणि मग घट्ट, जवळपास कोरड्या गाऱ्याने ठोकून भरा. आरसीसीवाल्यांची सवय असते की भोक दिसलं की भरून टाकायचं. इथे हे चार-पाच दिवस थांबणं म्हणजेच निम्मं काम आहे.

त्यानंतर अंगण खाली उतरवा, भिंतीपासून मीटरभर अंतरात पाच सेंमी उतार द्या, पन्हळी भिंतीबाहेर ४०-५० सेंमी काढा. पायथ्याला मुरुमाची एक जाड ओटी ठोकून ठेवा. दर वर्षी झिजेल ती ओटी, भिंत नाही.

गिलावा दोन हातांचा. पहिला दीड-दोन सेंमी, मातीत पाच सेंमीची काड कापून. दुसरा अर्ध्या सेंमीचा, चाळलेली माती आणि शेण. चार घमेली मातीला एक घमेलं शेण इथून सुरुवात करा, पण आकडा डोळे झाकून वापरू नका. भिंतीवर हातभर चौरसाचे नमुने लावा: नुसती माती, मातीच्या निम्मी वाळू, बरोबरीने वाळू, दुप्पट वाळू. आठवड्याने बघा. भेगा पडल्या तर वाळू कमी पडली, बोट फिरवून धूळ निघाली तर वाळू जास्त झाली. शेण घातलेला गारा दोन-तीन दिवस मुरू द्या. वास येईल, तो यायलाच हवा.

वरून दावादावाच्या (हे तिथलं एक झाड) शेंगांच्या टरफलांचा काढा. टरफलं भिजवून उकळायची, गडद तपकिरी पाणी झालं की झाडूने तीन-चार वेळा मारायचं. पाणी चटकन आत शिरत नाही आणि भिंत श्वास घेत राहते. हे तिथल्या बायकांना उत्तम येतं. तुम्ही फक्त टरफलं वेळेवर गोळा झाली आहेत का ते बघा.

ओळंबा

पोटावर पाय येण्याबद्दल: येऊ शकतो, आणि टाळता येतो. साधी कसोटी सांगते. तुम्ही जे काम करणार ते तिथला कुणी मजुरी घेऊन करू शकतो का? करू शकत असेल तर ते त्याने करावं आणि तुम्ही विमानाच्या तिकिटाबरोबर त्याच्या मजुरीचीही तरतूद करावी. विटा रचणं, गारा तुडवणं, पाणी वाहणं ही सगळी मजुरीची कामं. शिकण्यापुरता हात लावा, पण हजेरीपत्रकावर तुमच्यामुळे एकही नाव कमी होता कामा नये.

प्रमुख गवंडी हाच शिक्षक. त्याला रोजाच्या वर शिकवण्याचे वेगळे सेडी (घानाचं चलन) द्या आणि ही रक्कम आधी सगळ्यांसमोर ठरवा. शिकाऊ तरुणांनाही रोज द्या. दोन आठवडे बिनपगारी प्रशिक्षणाला तोच येतो ज्याच्या घरी खायला आहे. नेमका गरजू मुलगा बाहेर राहतो.

तुमच्यासारख्या अभियंत्याचं खरं काम कुठे आहे तर नोंदींमध्ये: जुन्या खोल्यांची मोजमापं, तुळयांची अंतरं, कुठल्या खड्ड्यातली माती कशाला वापरतात, गवंडी ती कशी पारखतो. सगळं कासेम किंवा नानकानी या तिथल्या भाषांतल्या शब्दांत लिहा, आणि प्रत गटाकडे ठेवा. फोटो विचारून काढा. शिवाय वजनाचे हिशेब, खर्चाची पत्रकं, जिल्हा कार्यालयाला दाखवायचे नकाशे. शाळा-दवाखान्याच्या इमारती कागदावर बसत नाहीत म्हणून मातीत होत नाहीत. ते कागद तुम्ही तयार करून देऊ शकता.

पोहोचल्यावर पहिली भेट गावप्रमुखाची. कोलाच्या बिया घेऊन जायचा रिवाज आहे, गटातला माणूस बरोबर असतोच. जमीन खणायची तर तेंदानाला, म्हणजे भूमीच्या पुजाऱ्याला, विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. जमिनीवरचा अधिकार प्रमुखाहून वेगळा, त्याच्याकडे असतो. काही जागा आणि काही दिवस वर्ज्य असतात. वेळापत्रकात त्यासाठी आठवडा मोकळा ठेवा.

सागरगोटा

मनापासून आभार. सिमेंटचा मुद्दा गटाला कळवतो, आणि विटा डिसेंबरात पाडण्याबद्दलही. मजुरीची तरतूद आराखड्यात नव्हती, ती घालतो.

आणखी दोन प्रश्न. प्रयोगशाळेशिवाय माती पारखण्याची कुठली पद्धत भरवशाची? आणि छताचं काय? गटात दोन मतं आहेत: काहींना पत्रा हवा, काहींना बुर्किना फासोत करतात तसं लाकूड न वापरता कमानी छत.

पाणसळ

मातीचं सांगतो, छताचं दुसरं कुणी सांगेल.

वरची काळी, मुळं असलेली माती बाजूला काढा. ओली करून वास घ्या, कुजका वास आला तर खोल जा. मग तीन चाचण्या, याच क्रमाने.

बाटली: सरळ बाजूंची पारदर्शक बाटली एक तृतीयांश मातीने भरा, पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा अर्ध्या तासात, चिकण माती दुसऱ्या दिवशीपर्यंत. पट्टीने थर मोजा. कच्च्या विटेला चिकण भाग १५ ते ३० टक्के असला की काम होतं. मात्र चिकण माती पाण्यात फुगलेली असते, म्हणून ही चाचणी तिचं प्रमाण जास्त दाखवते. एकट्या बाटलीवर निर्णय घेऊ नका.

वळी: खडे काढलेली माती मळून बोटाएवढ्या जाडीची, २० सेंमी लांब वळी करा आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. तुटलेला तुकडा ५ सेंमीपेक्षा लहान असेल तर वाळू फार, १५ सेंमीपेक्षा मोठा असेल तर चिकण फार. पाच वेळा करून सरासरी घ्या.

आकसण: ६० सेंमी लांब, ४ रुंद, ४ खोल अशी लाकडी पेटी. आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून मोकळी जागा मोजा. दोन सेंमीच्या वर गेली तर विटेच्या मातीत वाळू मिसळा. यंत्रात दाबलेल्या, सिमेंट घातलेल्या विटा करायच्या झाल्या तर याच पेटीवरून प्रमाण ठरतं: आकसण दीड सेंमीपर्यंत असेल तर १८ भाग मातीला एक भाग सिमेंट, तीनपर्यंत १६ला एक, साडेचारपर्यंत १४ला एक. त्याहून जास्त आकसणारी माती त्या कामाला घेऊच नका.

सगळ्यावर शेवटची चाचणी वाळलेल्या विटेची. दोन विटांवर एक आडवी ठेवा आणि मधोमध माणूस उभा करा. मोडली नाही तर माती पास. आणि हे सगळं झाल्यावर गवंड्याला विचारा, तो कुठल्या खड्ड्यातून घेतो. बहुतेक वेळा चाचण्या त्याच खड्ड्याकडे बोट दाखवतात. वेगळं निघालं तर तो काय म्हणतो ते आधी ऐका.

कमानगवंडी

छताचे तीन पर्याय आहेत आणि प्रत्येकाची मरायची रीत वेगळी.

पारंपरिक धाबं: तुळया, आडव्या काटक्या, वर १५-२० सेंमी माती, चोपून घट्ट केलेली. चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास वजन येतं. थंडावा उत्तम, वर धान्य वाळवता येतं, रात्री झोपता येतं. मरतं ते वाळवीने किंवा तुंबलेल्या पन्हळीने. वाळवीला दाद न देणारं लाकूड जवळपास मिळेनासं झालं आहे, हीच खरी अडचण.

पत्रा: पटकन होतो, प्रतिष्ठाही आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये खोलीत बसवत नाही, आणि पहिल्या पावसाच्या आधीच्या वावटळीत उडतो. उडतो तो खिळ्यांमुळे क्वचित, बहुतेक वेळा लाकडी चौकट भिंतीला नीट बांधलेलीच नसते म्हणून. घ्यायचाच असेल तर भिंत बांधतानाच माथ्यापासून किमान ६०-९० सेंमी खाली आडवी काठी गाडून तिला तार गुंफा, आणि ती तार वर आणून चौकटीला पिळा. भिंत पूर्ण झाल्यावर ही तार घालता येत नाही. छपराची वळचण चहूबाजूंनी ६० सेंमी बाहेर.

कमानी छत: न्यूबियन पद्धत, मूळ वरच्या नाईलच्या खोऱ्यातली. हसन फथी यांनी १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये ती पुन्हा वापरात आणली आणि २०००पासून ‘ला व्हूत न्यूबिएन’ ही संस्था बुर्किना फासो आणि आसपासच्या देशांत शेतकरी-गवंड्यांना ती शिकवते आहे. लाकूड लागत नाही, आधाराचा साचाही लागत नाही. २४ × १२ × ४ सेंमीच्या पातळ विटांचे थर शेवटच्या भिंतीवर मागे रेलून लावत जातात, मधून ताणलेली तार वक्राचा अंदाज देते. रुंदी सव्वातीन मीटरच्या आत ठेवावी लागते, तुमचे ३ मीटर त्यात बसतात. पण भार घेणाऱ्या भिंती ६० सेंमी लागतात, ४० नाही. पाणसळ यांचा मातीचा हिशेब तिथे दुपटीच्या घरात जातो, पाण्याचाही.

बिघडतं कुठे? भिंत पातळ ठेवली तर कमान तिला बाहेर ढकलते. विटा अर्धओल्या असल्या तर थर घसरतात. मागची भिंत पुरेशी उंच नसेल तर पहिले थर रेलायलाच जागा नसते. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर भराव न टाकता वर चढलात तर वजन मधोमध येतं. आणि पाऊस पडायच्या आत वरचा प्लास्टिकचा कागद आणि मातीचा लेप झालाच पाहिजे. अर्धवट कमान भिजली तर तिच्याखाली कुणी उभं राहू नये.

गटात ही पद्धत शिकलेला किमान एक गवंडी असेल तरच करा. वाचून पहिली कमान मुलांच्या वर्गावर करायची नाही. गवंडी नसेल तर या वर्षी धाबं करा, आणि दोन शिकाऊंना पुढच्या कोरड्या मोसमात शिकायला पाठवायची तजवीज करा.

रंगमाती

वरच्या चर्चेत अर्धं काम राहून गेलं. त्या पट्ट्यात भिंत पुरुष उभी करतात, पण गिलावा, जमीन आणि चित्रं बायकांची. जमीन चोपण्याचं काम बघण्यासारखं असतं: मुरूम पसरून ओला करतात आणि ओळीने बसून, गात, लाकडी चोपण्यांनी दगडासारखा होईपर्यंत ठोकतात. भिंतीवर लाल, काळा, पांढरा असे तीनच रंग, तेही दगड-मातीतले, आणि मग गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी. सिरिगुत १९९७पासून बायकांची स्वतःची संस्था आहे, मातीची भांडी आणि भित्तिचित्रं दोन्हीसाठी. सीमेपलीकडे बुर्किनातल्या तिएबेलेच्या राजवाड्याला २०२४मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही त्याच कासेना आणि शेजारच्या नानकानी लोकांची कला.

तेव्हा ‘तरुणांसाठी प्रशिक्षण’ म्हणजे फक्त मुलगे असं होऊ देऊ नका. गिलावा आणि रंगाच्या जाणकार वृद्ध स्त्रिया शिक्षक म्हणून यादीत हव्यात, गवंड्याइतक्याच मानधनावर. त्यांची वेळ दुपारनंतरची असते, सकाळ पाण्यात आणि स्वयंपाकात जाते. वेळापत्रक त्यांना विचारून करा. हल्ली काळ्या रंगासाठी डांबर वापरलं जातं, टिकतं म्हणून. ते थांबवा म्हणून हट्ट धरू नका. दोन्ही रीतीने नमुने लावून ठेवा, निर्णय त्यांचा.

आरोग्याचं: पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्राशिवाय घानात प्रवेश मिळत नाही, आणि एकदा घेतलेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. उत्तर घाना मेनिंजायटिसच्या पट्ट्यात येतो आणि तुमचे तीनही महिने नेमके त्याच्या मोसमातले आहेत, तेव्हा मेनिंजायटिसच्या एसीडब्ल्यूवाय लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही. हरमॅटनमध्ये माती चाळताना तोंडाला मास्क लावा, नुसता रुमाल पुरत नाही.

आणि माती काढलेला खड्डा. वीस घनमीटर मोकळी माती म्हणजे जवळपास चार बाय चार मीटरचा, मीटरभर खोल खड्डा. पावसाळ्यात तिथे तळं होतं, डास होतात, लहान मुलं पडतात. घरांपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला खणा, एक बाजू चढण्याजोगी तिरकी ठेवा, आणि तो बुजवायचा की गुरांच्या पाण्यासाठी ठेवायचा हे खणण्याआधी तेंदाना आणि आसपासच्या घरांतल्या बायकांकडून ठरवून घ्या. बुजवायचा झाला तर त्याची मजुरीही आत्ताच आराखड्यात धरा.